पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक

पदवीपर्यंतचा अभ्यास गाईड आणि नोट्सवर कसाबसा निभावतो. एम. ए.ला तसे चालत नाही. ग्रंथ स्वतः शोधावे लागतात. आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरात पदवीची ही पहिलीच पिढी. ग्रंथालयात जाऊन काय मागावे, हे सांगणारे घरात कोणी नसते. म्हणून ग्रंथालयशास्त्राची थोडी ओळख येथे करून देत आहोत.

अमेरिकेतील मेलविल ड्युई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा. पुस्तकाच्या पाठीवरील चिठ्ठीवर असतो तो हा वर्गांक. आपल्याकडील अनेक ग्रंथालयांत हीच पद्धत आहे. ३३२ म्हणजे पैसा व बँकव्यवहार (आम्हा बँकवाल्यांना हा आकडा लवकर पाठ झाला!), २९४.३ म्हणजे बौद्ध धम्म. ड्युईंनी धर्माच्या वर्गातील बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला दिली आणि बाकीचे धर्म २९० मध्ये कोंबले. वर्गीकरण करणाराही आपल्या समाजाचाच माणूस असतो, एवढे यावरून ओळखावे.

आता परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ग्रंथ घ्या. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) बहुधा ३३२ मध्ये सापडेल, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) ३०५ मध्ये आणि ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) २९४.३ मध्ये. लेखक एक, कपाटे तीन! एकाच कपाटापुढे थांबणाऱ्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब कधी भेटणारच नाहीत. हे ग्रंथ एकत्र दाखवते ती तालिका. ती कार्डांची असो वा संगणकावरची, आधी लेखकाच्या नावाने पाहावे, मग विषयाने.

विषयाने शोधताना शब्द त्या काळचा हवा. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२८ साली सायमन कमिशनला दिलेले निवेदन ‘दलित’ या शब्दाखाली शोधून हाती लागेलच असे नाही; त्या काळचा इंग्रजी शब्द ‘डिप्रेस्ड क्लासेस’. १९३५ च्या कायद्यानंतरच्या सरकारी कागदांत ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ पाहावे.

डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सिद्धांतांपैकी चौथा आहे : वाचकाचा वेळ वाचवा. तेव्हा ग्रंथपालांना विचारताना संकोच नको. ते त्यांचे कामच आहे. मात्र ‘अमुकवर काही आहे का?’ असे मोघम न विचारता विषय, काळ व भाषा सांगावी. पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे पीएच.डी.चे अनेक प्रबंध ‘शोधगंगा’वर विनामूल्य वाचता येतात. त्यांच्या शेवटी असलेली ग्रंथसूची प्रथम उतरवून घ्यावी, आणि मगच कपाटांकडे वळावे.