हरवलेल्या सशाचा शोध

१९२७ व १९२८ या दोन वर्षांत वॉल्ट डिस्ने यांच्या अमेरिकेतील चित्रशाळेने ऑस्वाल्ड नावाच्या सशाचे २६ मूक व्यंगचित्रपट तयार केले. या खोडकर सशाने त्या काळच्या प्रेक्षकांना पोट धरून हसविले. परंतु १९२८ मध्ये नव्या कराराची बोलणी फिसकटली. सशाचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे असल्यामुळे डिस्ने यांना तो गमवावा लागला. मग त्यांनी मिकी उंदराला जन्म दिला व तो जगप्रसिद्ध झाला. ऑस्वाल्ड मात्र हळूहळू विस्मृतीत गेला.

त्या काळची चित्रफीत नायट्रेटची असे. तिच्यावर चित्र सुरेख उमटे. पण ती सहज पेट घेई आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नसे. उष्ण व दमट हवेत ती आक्रसते, चिकट होते व शेवटी तिचा भुगा होतो. बोलपट आल्यावर मूकपटांना कोणी विचारीना. फितीतील चांदी मिळविण्यासाठी अनेक प्रती नष्ट करण्यात आल्या.

२००६ मध्ये ऑस्वाल्डचे हक्क डिस्ने कंपनीकडे परत आले. २००७ मध्ये हे चित्रपट घरी पाहण्यासाठी डीव्हीडीवर प्रसिद्ध झाले, तेव्हा २६ पैकी अवघे १३ त्यांत देता आले. पुढे एक नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात व एक ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात सापडला.

जपानमधील शोध तर फारच हृद्य आहे. ओसाका येथील खेळण्यांच्या घाऊक बाजारात एका शाळकरी मुलाने ५०० येनला एक छोटी फीत विकत घेतली होती. तिच्यावर नाव होते मिकीचे! तो मुलगा पुढे व्यंगचित्रपटांचा इतिहासकार झाला. ती फीत त्याने सुमारे सत्तर वर्षे जतन केली. ऑस्वाल्डविषयीचे एक पुस्तक वाचून त्याने शोध घेतला आणि २०१८ मध्ये उलगडा झाला. तो १९२८ च्या ‘नेक अँड नेक’चा सुमारे दोन मिनिटांचा भाग होता.

फीत सापडली म्हणजे काम संपले असे नाही. ती स्वच्छ करून तिच्यावरील हजारो चित्रांची एकेक करून नवी प्रत घ्यावी लागते. धूळ व ओरखडे यंत्राने काढता येतात. परंतु झपाट्याने हलणाऱ्या पात्राची बारीक रेष यंत्राला ओरखड्यासारखीच भासते व तीही पुसली जाते. म्हणून जाणकाराला प्रत्येक चित्र डोळ्यांखालून घालावे लागते. चार ओरखडे राहिले तरी चालतील, पण चित्रकाराची एकही रेष जाता कामा नये, हा या कामातील विवेक होय.

दादासाहेब फाळके यांनीही आगकाड्यांना पडद्यावर नाचविणारा ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला होता. तो आज उपलब्ध नाही. पोरखेळ म्हणून ज्याची उपेक्षा होते, तेही कोणाच्या तरी श्रमाचे व कल्पकतेचे फळ असते. ते एखाद्याने निष्ठेने जपले, तरच पुढच्या पिढीच्या हाती लागते.

स्वाध्याय

१. जुन्या चित्रफिती कोणत्या कारणांनी नष्ट झाल्या?
२. चित्रपटाच्या दुरुस्तीत जाणकाराची गरज का भासते?
३. ‘पोट धरून हसणे’ व ‘डोळ्यांखालून घालणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.