लेखनातील सत्यधर्म

समर्थांनी दासबोधाच्या 19 व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेस वाहिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ व आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे, असा त्यांचा उपदेश. वाचणाऱ्याची दिशाभूल होऊ नये, हेच त्याचे मर्म होय.

आपल्याच प्रांतातील भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातील दोष मे 1982 च्या तपासणीत लिहिले गेले होते. परंतु भोवतालच्या वस्तीस कारखान्याने सावध केले नाही. डिसेंबर 1984 मध्ये विषारी वायू सुटला, तेव्हा ओले फडके तोंडावर धरावे, एवढेही लोकांस ठाऊक नव्हते. हजारो जीव गेले.

कुक्षीतील आपणही दुकानी, दवाखान्यात, कचेरीत नोंदी लिहितो. दिसलेला दोष, ज्याच्या जिवाशी त्याचा संबंध, त्यालाच वेळेवर व सुबोध शब्दांत सांगावा. कागदात दडलेले सत्य कोणाचेही रक्षण करीत नाही.