आळीत कॅमेरा काढण्याआधी मीटर मोजा

जुन्या घरांचे फोटो काढणाऱ्याकडे गावात संशयानेच बघितलं जातं, हे मी आता गृहीत धरलं आहे. राग मात्र गेलेला नाही. वाड्याचे नक्षीदार सागवानी खांब उपटून जुन्या बाजारात विकताना कोणाला काही वाटत नाही, आणि त्याच वाड्यासमोर कोणी कॅमेरा काढला की 'कोणी पाठवलं तुम्हाला?' असा दम मिळतो. एवढं बोलून झाल्यावर हेही मान्य करतो की दम देणाऱ्याच्या संशयाला आधार असतो. पुणे जिल्ह्यातल्या न्हावऱ्यासारख्या गावात कॅमेरा दिसला की लोकांना आधी मोजणी आठवते. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना जाहीर झाली, ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, आणि वरून काढलेल्या चित्रावर आपल्या घराची हद्द ठरते हे घरोघरी कळलं. तळेगाव–चाकण–शिक्रापूरकडून येणारा महामार्गही न्हावऱ्यावरूनच जातो. रस्ता रुंद होणार म्हटलं की कडेच्या बांधकामांचे फोटो आधी निघतात आणि नोटिसा मागून येतात. वाटपाच्या दाव्यात तर भिंतीला गेलेली चीरसुद्धा पुरावा असते. मग आपल्या दारासमोर कॅमेरा रोखून उभा असलेला अनोळखी माणूस नुसता हौशी आहे, यावर कोणी का विश्वास ठेवावा?

फोटोग्राफीच्या पुस्तकांत आणि शिबिरांत जे शिकवलं जातं त्यात हा संशय धरलेलाच नसतो, कारण ते सगळं जपानमधल्या क्योटोसारख्या शहरांवर बेतलेलं असतं. पहाटे जा, गल्ली रिकामी असते, उजेड मऊ असतो. क्योटोत ते चालतं. तिथली गिओन-शिम्बाशी ही वस्ती १९७६ पासून कायद्याने संरक्षित आहे. घराचा दर्शनी भाग जपायला सरकारी मदत मिळते आणि चांगला फोटो त्या जपणुकीच्या बाजूनेच बोलतो. तिथली तक्रार गर्दीची आणि मैकोंच्या, म्हणजे शिकाऊ गेइशांच्या, मागे धावणाऱ्या पर्यटकांची आहे. म्हणून गिओनमधल्या खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास दहा हजार येन दंडाच्या पाट्या २०१९ मध्ये लागल्या आणि २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच झाल्या. आपल्याकडे गावठाणातल्या साध्या वाड्याला बहुतेक ठिकाणी कसलाच दर्जा नाही, अनुदान नाही, आणि मालक एक असेल याचीही खात्री नाही. शिवाय पहाटे आपली आळी रिकामी नसतेच. नळाला पाणी आलेलं असतं, ओट्यावर धुणी-भांडी चाललेली असतात, कोणी पंचा गुंडाळून तोंड धूत असतं. अशा वेळी तिकाटणं लावून उभं राहणं हा सरळ आगाऊपणा आहे. सकाळी दहानंतर जा. ऊन कडक असतं, फोटो सपाट येतो, येऊ द्या.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे रस्ता सार्वजनिक आहे. खरं आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानेही इमारतीचा फोटो काढायला मोकळीक दिली आहे. पण तो प्रश्न वास्तुविशारदाच्या हक्काचा. दहा फुटी आळीत लेन्सच्या टप्प्यात माजघरापर्यंत सगळं येतं, त्याचं काय? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: परवानगी मागत बसलो तर वाडा पडून जाईल. मला तो पटतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात गेले. न्हावऱ्याजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलं, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांचे चुलीसकट आराखडे आपल्याकडे आहेत. आजोबांच्या आळीचा आराखडा मात्र नाही. हे लाजिरवाणं आहे. पण म्हणून चोरून काढलेला फोटो नोंद ठरत नाही. घर कोणाचं, कोणत्या आळीतलं, कडीपाट कधी काढून पत्रे टाकले, हे दारातल्या माणसाने सांगितल्याशिवाय त्या फोटोला अर्थ नाही. तो मग मोबाइलवर 'शापित वाडा' म्हणून फिरतो, आणि पुढच्या दहा जणांना आळीत पाय ठेवणं अवघड करून जातो. असे चोरून फोटो काढणाऱ्यांबद्दल माझ्याकडे चांगला शब्द नाही.

म्हणून आधी दार वाचा. दिंडी दरवाज्याला दोन कुलपं दिसली तर भाऊ वेगळे झालेत आणि एकमेकांवर भरवसा नाही, असं धरून चाला. देवडीत विजेचे मीटर किती आहेत ते मोजा. साधारण तितके वाटे. एका मीटरवाल्याने 'काढा हो' म्हटलं म्हणजे चौघांनी म्हटलं असं होत नाही, आणि हो म्हणणारा कधीकधी दुसऱ्याला डिवचायलाच हो म्हणत असतो. पुण्याच्या पेठांत भाडेकरू आणि मालक असा तंटा असतो. तिथे कललेल्या भिंतीचा फोटो 'इमारत धोकादायक' म्हणणाऱ्याच्या कामी येतो, तेव्हा तो कोणाच्याही हाती देऊ नका. गावात ग्रामपंचायतीत जाऊन काय करणार ते सांगून ठेवा, ओळखीचं कोणी सोबत घ्या, नम्रपणे बोला, हे नेहमीचं आहेच. आठ नंबरच्या उताऱ्याबद्दल, म्हणजे घराच्या ग्रामपंचायतीतल्या नोंदीबद्दल, मात्र चुकूनही विचारू नका. तो शब्द निघाला की तुम्ही मोजणीवाले ठरलात. महिरप, गणेशपट्टी, कोनाडे यांचे फोटो जवळून घ्या. त्यात हद्द दिसत नाही, त्यामुळे हरकतही कमी येते. कोणी नको म्हटलं तर कारण विचारू नका. आणि प्रिंट द्यायची असेल तर सगळ्या वाटेकऱ्यांना एकाच दिवशी द्या. एकालाच दिली, तर तुम्ही त्याच्या बाजूचे साक्षीदार होऊन बसता.