फुकटच्या वकीलपत्राची तारीख

पाथर्डी

चि. बाळास,


वहिनीने तुझा फोटो पाठवला. खांद्यावर शाल, हातात श्रीफळ, मागे मोफत कायदेविषयक शिबिराचा फलक. पेपरातही आला म्हणे. मी लगेच अंगठा दाखवला, दोन जणींना पुढे पाठवला. आणि त्याच संध्याकाळी ती माझ्या दारात आली. मीच तुझ्याकडे पाठवलेली ती. कुणाबद्दल लिहिते आहे हे कळलं असेल, तर पुढे वाच. कळलं नसेल, तर पत्र बाजूला ठेव आणि आधी फाईल काढ.

भावाच्या ऊसतोडीच्या टोळीत ती एकटी, म्हणजे अर्धा कोयता म्हणून जाते, हे तुला वकीलपत्र घेतानाच सांगितलं होतं. नवऱ्याने टाकलेली, पदरात एक मुलगी. पोटगीच्या तारखेसाठी पोरीला कोपीवर भावजयीच्या हवाली केलं, मुकादमाला खाडा कबूल केला आणि पहाटेची एसटी धरून आली. तू तिला सांगितलं होतंस, ‘मी आल्याशिवाय आत जाऊ नको, बाहेर बस.’ बिचारी बसली. पुकारा झाला तो तिच्या लग्नानंतरच्या नावाने, नवऱ्याच्या नावाआडनावासकट. त्या नावाने तिला गेल्या कित्येक वर्षांत कुणी हाक मारलेली नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर तिने शिपायाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘बाई, तुमचं झालं.’ झालं म्हणजे पोटगी मिळाली, असं तिला वाटलं. माझ्याकडे ती पेढे घेऊन आली होती रे.

मग मी मोबाईलवर ई-कोर्ट्स उघडलं. निवृत्त झाले तरी ही खोड गेलेली नाही. अर्जदार गैरहजर, वकील गैरहजर, अर्ज गैरहजेरीत निकाली. तारीख पाहिली आणि वहिनीने पाठवलेला फोटो पुन्हा उघडला. तोच दिवस.

तुला फोन केला, तर तू काय म्हणालास? ‘आत्या, नवा अर्ज टाकू, त्यात काय!’ तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि मी चिडले की सगळं विसरते.

त्यात काय, ते सांगते. तू सनदवाला, मी बेंच क्लार्क. तरी ऐक. रजनेश विरुद्ध नेहा हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल तुझ्या टेबलावरच असेल. पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यायची, असं त्यात सांगितलेलं आहे. तुझा पहिला अर्ज मेला आणि तू नवा टाकलास, तर मधले सगळे महिने कुणाच्या खिशात गेले? नवऱ्याच्या. त्याच्या वकिलाला तोंड उघडावं लागलं नाही, ते काम तू करून दिलंस. तेव्हा नवा अर्ज नको, जुनाच पुन्हा फाईलवर घेण्याचा अर्ज दे. फौजदारी कोर्टाला तसा अधिकार नाही म्हणून हरकत येईल. पोटगीचं काम मुळात दिवाणी स्वरूपाचं आहे, असं म्हणून असे अर्ज मान्य केल्याचे निरनिराळ्या उच्च न्यायालयांचे निकाल आहेत. ते शोध. शिबिराचं भाषण तयार करायला जेवढा वेळ लावलास, तेवढा यालाही लाव. आणि गंमत बघ. नवऱ्याविरुद्ध एकतर्फी हुकूम झाला, तर तीन महिन्यांच्या आत येऊन तो रद्द करून मागायची सोय कायद्यातच लिहून ठेवलेली आहे; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२६ मध्ये होती, नव्या संहितेतही आहे. बाईचा अर्ज गैरहजेरीत गेला, तर तिच्यासाठी तशी एक ओळ नाही. तिच्यासाठी ओळ म्हणजे तिचा वकील. तो त्या दिवशी कुठे होता?

वहिनीची भीती वेगळी आहे. जानेवारी २०२४ मध्ये राहुरीच्या त्या वकील नवरा-बायकोचा खून झाला, तेव्हापासून तू संध्याकाळी सातपर्यंत घरी आला नाहीस की ती देवापाशी बसते. तिला वाटतं, तू ही गरिबांची, भांडणाची कामं सोडावीत आणि बँकेच्या पॅनेलवर जावं. मी तिला म्हटलं, वकिलांना संरक्षण देणारा कायदा हवा म्हणून तेव्हा राज्यभरातले वकील कामकाज बंद ठेवून रस्त्यावर आले होते. वकिली सोडा असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं नाही. तू ही कामं सोडावीस असं मला कधीच वाटलेलं नाही. तू ती धरतोस आणि हातातून निसटू देतोस, हे मला सोसत नाही.

मी शिबिराला नावं ठेवली, की दादा लगेच कुंदनमल फिरोदियांचं उदाहरण देईल. नगरचे वकील, पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. वकिलाने समाजात मिसळायला हवं, वगैरे. खरं आहे. पण दादाला वकिलाचं समाजात मिसळणं दिसतं ते व्यासपीठावरचं. मला आठवतात त्या संगमनेरच्या निशा शिवूरकर. ऐंशीच्या दशकात समता आंदोलनातून त्यांनी टाकलेल्या बायकांचा प्रश्न उचलला, संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरवली. तोवर आमच्या कोर्टात अशा बायका एकेकट्या यायच्या, पदर तोंडावर ओढून, माहेरच्या कुणा पुरुषाच्या मागे. परिषदेनंतरच्या काळात दोघी-तिघी मिळून येऊ लागल्या. तारीख आपली, पण सोबतीला शेजारच्या गावची दुसरी टाकलेली. पुकारा चुकू नये म्हणून एक आत बसायची, एक बाहेर. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली ते मला माहीत नाही. मला ती शिबिराच्या शंभर भाषणांपेक्षा मोठी वाटते. तुझ्याकडे असे पाच-सहा पक्षकार तरी असतील. त्यांची एकमेकींशी गाठ घालून दे.

आपल्या जिल्ह्याचं आणि गैरहजेरीचं वैर जुनं आहे. १८७५ चे दंगे तू शाळेत वाचलेस. सुप्याला पेटलं आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत आलं. लोकांनी सावकारांची खतं जाळली, एवढंच मुलं पाठ करतात. त्या रागात एकतर्फी हुकूमनामेही होते. समन्स पोचलं की नाही देव जाणे, कुणबी तारखेला नाही, आणि जमीन गेली. पुढे १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला नगर (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय नाही) या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांचा वेगळा कायदा झाला. त्यात समेट घडवणाऱ्यापुढे आणि गावच्या मुन्सफापुढे वकिलाने उभंच राहायचं नाही, असं कलम होतं. सरकारने तेव्हा वकिलाला गरिबाच्या वाटेतली धोंड मानलं. आज त्याच गरिबाला वकील फुकट मिळावा म्हणून कायदा आहे, तालुक्या-तालुक्याला विधी सेवा समिती आहे. शंभराहून जास्त वर्षांत केवढी उलथापालथ! आणि आमची बाई मात्र अजून गैरहजेरीतच हरते. कारण आता कुणबी हजर असतो आणि वकील शिबिरात असतो.

हे कडू झालं. पण खोडत नाही.

एक व्यवहाराचं सांगते. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तूच त्या शिबिरात सांगितलं असशील. मग तुझी खाजगी फुकट कामं समितीमार्फत का घेत नाहीस? तुला नाही जमलं, तर तिथे दुसऱ्या वकिलाची नेमणूक मागता येते, विचारायला एक ऑफिस असतं. तुझ्या खाजगी उपकारात ती बाई कुणाला विचारणार? फी दिली नाही म्हणून तिला तुझ्यावर रागावताही येत नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलली नाही. उलट मलाच समजावत होती, ‘साहेबांना काम असंल वो बाई.’ फी देणारा पक्षकार असता तर त्याने बार रूममध्ये येऊन तुझी कॉलर धरली असती. त्याची तारीख तू चुकवली असतीस का? खरं सांग.

आता माझं. नोकरीला लागले तेव्हा मी बावीस वर्षांची. कायद्याला जायचं होतं, हे तुला ठाऊक आहे. अण्णा म्हणाले, लागलेली सरकारी नोकरी कोण सोडतं? बांधाच्या दाव्यापायी घर कसं झालं होतं ते तू ऐकलेलं आहेस, वकील या शब्दाचाच अण्णांना तिटकारा बसला होता. तेव्हा मीही हट्ट धरला नाही. मग कित्येक वर्षं डायसच्या खाली बसून रोजनामा लिहिला. शिपाई दारात जाऊन नाव ओरडायचा, तीनदा. नाव मोठं, सासरचं, कागदावरचं. दारातून मला व्हरांड्यातलं बाकडं दिसायचं. त्यावर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून मला कळायचं की हे नाव हिचंच असणार आणि हिला ते कळलेलं नाही. कधी मी शिपायाला खूण करायची, तो जाऊन विचारायचा, बाई धावत आत यायची. कधी बोर्ड मोठा असायचा, साहेबांची घाई असायची, आणि मी मान खाली घालून लिहायची. आपण पडलो कारकून, आपल्याकडे सनद नाही, असं मनाशी म्हणायची. सनद असती तर उठले असते का, हे आता कोण सांगणार? तुला सनद मिळाली तेव्हा सगळ्यांत जास्त मी रडले होते. दादाला वाटलं, आनंदाने.

म्हणून त्या दिवशी तू कुठे होतास, हे मी पुन्हा पुन्हा विचारते. तुला दुखवायचं म्हणून नाही विचारत. तुला डायरी ठेवायचा कंटाळा आहे, लहानपणापासून आहे. दप्तर भरायलाही मीच लागायची. मोबाईलवरच्या तारखांवर विसंबू नकोस. वही घे, फुकटच्या कामांची वेगळी, आणि ती खिशात असू दे. शिबिराला बोलावलं की आधी वही उघड. बोर्डावर काम असेल तर सरळ सांग, येत नाही. एखाद्या सत्काराला गेला नाहीस म्हणून वहिनीला वाईट वाटेल, तिला मी बघून घेईन. आणि बाईला ‘बाहेर बस’ कधी सांगू नकोस. आत बसव. तिचं कागदावरचं नाव तिच्याकडून चार वेळा म्हणवून घे.

रागावू नकोस. तू मागच्या वर्षी त्या म्हाताऱ्याच्या वारसनोंदीसाठी तहसीलला किती खेटे घातलेस ते मला माहीत आहे. तू सांगितलं नाहीस, त्यानेच सांगितलं. बाजारात भेटला आणि माझ्या पिशवीत जबरदस्तीने मेथीच्या चार जुड्या घातल्या. तुझ्याबद्दल असं काही ऐकलं की मी दिवसभर कुणाशी भांडत नाही. म्हणूनच ती पेढे घेऊन आली तेव्हा माझा जीव इतका खाली-वर झाला. ते पेढे मी ठेवून घेतले. तिला खरं काय झालं ते सांगितलं, आणि तू पुन्हा उभा राहशील असंही सांगितलं. तुला न विचारता सांगितलं.

अर्ज लिहिलास की मला वाचून दाखव, पुढची तारीख मिळाली की कळव. मी तिच्या भावाच्या फोनवर निरोप देईन, आणि त्या दिवशी तिच्याजवळ बाकड्यावर मीही येऊन बसेन. गुडघा दुखतो, पण तेवढं जमतं. काम संपलं की तिला आणि तुला घेऊन घरी येईन. हुलग्याचे शेंगोळे करते, सूनबाईसाठी डबा बांधून देते. मुक्कामच कर. सकाळी निघ, करंजी घाटातून रात्रीचा जाऊ नकोस. वहिनीला मी भित्री म्हणते, पण तू निघालास की नगरला पोचल्याचा फोन येईपर्यंत मीही जागीच असते.

तुझी,
आत्या