आधी ट्राम, मग बाकी सगळं

कोलकात्याला निघाली आहेस आणि तेही फक्त रेल्वे नि ट्राम बघायला, हे ऐकून मला फार बरं वाटलं. मिठाई, साड्या आणि देवळांची यादी तुला कोणीही देईल. रुळांवरचं कोलकाता कसं बघायचं, ते मी सांगतो. यातलं निम्मं माझ्या मामांकडून आलेलं आहे. ते नागपूरला बंगाल-नागपूर रेल्वेत होते आणि गार्डन रीचच्या मुख्य कचेरीत त्यांची ये-जा असे. ते म्हणत, "जी गाडी उद्या नसेल, ती आज आधी बघावी." तुझा सगळा दिवस या एका वाक्यावर बेत.

जाताना गीतांजलीने जा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, डिसेंबर 1977 मध्ये ही मुंबई-हावडा गाडी सुरू झाली. तेव्हा तिला वरचा वर्गच नव्हता. सगळे प्रवासी एकाच वर्गाचे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या, त्याही त्यांच्याच कारकिर्दीत. प्रवास जेमतेम सव्वा दिवसाचा आहे. नागपूर सोडलं की खिडकी सोडू नकोस. गोंदिया, रायपूर, बिलासपूर, टाटानगर, खरगपूर हा सगळा जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचा रस्ता आहे.

दिवसाची सुरुवात ट्रामने कर. मद्रासची ट्राम 1953 मध्ये गेली, दिल्लीची 1963 मध्ये आणि आपल्या मुंबईची 31 मार्च 1964 च्या रात्री. देशात ट्राम उरली ती एकट्या कोलकात्यात, आणि तीही आता थोडीच. अलीकडे धर्मतला-श्यामबाजार आणि धर्मतला-गरियाहाट असे दोनच मार्ग नियमित चालत होते. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने मैदानातला एक छोटा वारसा-मार्ग तेवढा ठेवून बाकी ट्राम बंद करण्याचं जाहीर केलं. ट्रामप्रेमी त्याविरुद्ध उभे राहिले, प्रकरण न्यायालयात गेलं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी कोणता मार्ग चालू आहे ते पुन्हा विचारून घे. जुन्या पुस्तकातल्या नकाशावर विसंबून राहू नकोस.

थांब्यावर ताटकळू नकोस, डेपो गाठ. रस्त्यावरच्या थांब्यावर ट्राम कधी येईल याचा भरवसा नसतो. गरियाहाटला किंवा धर्मतल्याला डेपोतच जा आणि पुढची गाडी कितीला सुटणार ते तिथल्या कर्मचाऱ्यांना विचार. नकाशावर एस्प्लनेड लिहिलेलं असतं, पण लोकांच्या तोंडी धर्मतलाच असतं. बोलताना 'दादा' म्हण. ही माणसं आयुष्यभर या गाड्या चालवत आली आहेत. त्यांना वेळ असेल तेव्हाच प्रश्न विचार आणि उत्तर मिळालं की वहीत लिहून घे. सुटे पैसे जवळ ठेव.

बसायची जागा विचारपूर्वक निवड. दोन डब्यांची ट्राम मिळाली तर जाताना पुढच्या डब्यात, ड्रायव्हरच्या पाठीमागे बस. त्याच्या पायाखालची घंटा, हाताखालचा कंट्रोलर, कंडक्टरने दोरी ओढून दिलेली सूचना, हे सगळं तिथून कळतं. येताना मागच्या डब्यात बस. पूर्वी पुढचा डबा पहिल्या वर्गाचा, पंख्यांचा असे. मागचा दुसऱ्या वर्गाचा, स्वस्त असे. 1953 मध्ये याच दुसऱ्या वर्गाचं तिकीट एका पैशाने वाढलं, तेव्हा सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं. ट्राम कोणासाठी होती, हे मागच्या बाकावर बसल्याशिवाय समजत नाही.

शेवटच्या थांब्यापर्यंत जा. मधेच उतरून फोटो काढून परत येणं म्हणजे पाहणं नव्हे. इथल्या ट्रामला ड्रायव्हरची जागा एकाच टोकाला असते, त्यामुळे शेवटी ती गोल वळसा घालून फिरते. तो वळसा बघ. सांधा बदलायला हातात लोखंडी कांब घेतलेला माणूस दिसला, तर तेही नीट बघून घे. श्यामबाजारची ट्राम कॉलेज स्ट्रीटवरून जाते. परतताना तिथे उतरलीस तर पुस्तकंही होतील. गरियाहाटची ट्राम नोनापुकुरवरून जाते, तिथे ट्रामचा जुना कारखाना आहे.

खाली बघ, वर बघ. खाली रुळांमधलं अंतर 1,435 मिलिमीटर, म्हणजे स्टँडर्ड गेज. वर तारेत 550 व्होल्ट डीसी. इथली पहिली ट्राम घोड्यांची होती. ती 24 फेब्रुवारी 1873 ला सियालदाहून आर्मेनियन घाटापर्यंत धावली आणि त्याच नोव्हेंबरात बंद पडली. विजेची ट्राम 27 मार्च 1902 ला एस्प्लनेड ते खिदिरपूर सुरू झाली. ही आशियातली पहिली विजेची ट्राम, असं तुला तिथे अनेकजण अभिमानाने सांगतील. वाद घालू नकोस, पण वहीत खरं लिही: मद्रासला विजेची ट्राम 1895 मध्येच आली होती. धर्मतल्याच्या डेपोत 1938 च्या एका ट्रामच्या डब्यातच 'स्मरणिका' नावाचं छोटं संग्रहालय केलेलं आहे. त्याच्या सुटीचा वार आधी विचारून ठेव.

रुळाजवळ गाफील राहू नकोस. ट्राम सावकाश चालते, पण तिला बाजूला वळता येत नाही, आणि लोखंडावर लोखंडाची चाकं पटकन थांबत नाहीत. बंगालीतले थोर कवी जीवनानंद दास ऑक्टोबर 1954 मध्ये देशप्रिय पार्कजवळ ट्रामची धडक बसूनच गेले. ट्राम भर रस्त्यात थांबते, तेव्हा उतरण्याआधी मागून येणारी बस आणि टॅक्सी बघ. फोटोसाठी रुळावर उभी राहू नकोस.

मग जमिनीखाली उतर. देशातली पहिली मेट्रो 24 ऑक्टोबर 1984 ला इथेच धावली. एस्प्लनेड ते भवानीपूर, 3.4 किलोमीटर, पाच स्टेशनं. भवानीपूरचं नाव आता नेताजी भवन. ही जुनी मार्गिका आपल्या लोकलसारखी ब्रॉडगेज आहे, 1,676 मिलिमीटर. नवी पूर्व-पश्चिम मार्गिका स्टँडर्ड गेज आहे. दोन्हींना डोक्यावर तार नाही. रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून 750 व्होल्ट मिळतात. एस्प्लनेडला या दोन्ही मार्गिका भेटतात आणि वर रस्त्यावर ट्राम उभी असते. 1902 ची, 1984 ची आणि 2024 ची गाडी एकाच ठिकाणी बघायला मिळेल अशी जागा देशात दुसरी नाही. तिथे घाई न करता तास घालव. मेट्रोत कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी तिथल्या सुरक्षारक्षकाला विचार. नाही म्हणाला तर लगेच आत ठेव.

हावड्याला नदीखालून जा आणि नदीवरून परत ये. मार्च 2024 पासून मेट्रो हुगळी नदीच्या खालून जाते. नदीखालचा बोगदा सुमारे 520 मीटरचा आहे. पाऊण मिनिटात पार होतो, म्हणून आधीच दाराच्या काचेशी उभी राहा. बोगद्यात निळे दिवे दिसले की डोक्यावर नदी आहे असं समज. हावडा स्टेशनात पोचल्यावर हॅल्सी रिकार्डोने आखलेली 1905 ची इमारत बाहेरून पूर्ण बघ, मग आत 'बडो घडी'खाली ये. भेटायचं ठिकाण म्हणून सारं कोलकाता हे घड्याळ सांगतं. इथून पहिली गाडी 15 ऑगस्ट 1854 ला हुगळीला गेली, बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर सोळा महिन्यांनी. नव्या इमारतीजवळ रेल्वे संग्रहालय आहे. परतताना फेरीबोट घे. 1943 चा हावडा पूल पाण्यावरूनच नीट दिसतो. 1993 पर्यंत त्या पुलावरूनही ट्राम जात असे.

चक्ररेल संध्याकाळसाठी ठेव. ही लोकल हुगळीच्या काठाकाठाने जाते: प्रिन्सेप घाट, बीबीडी बाग, बडाबाजार, बागबाजार. मुंबईच्या सवयीने दर चार मिनिटांनी गाडी येईल असं धरून बसू नकोस. फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून वेळापत्रक बघूनच जा. दुर्गा विसर्जनाच्या दिवसांत गाड्यांत बदल होतात. प्रिन्सेप घाटावर थोडी आधी पोच. हावडा आणि सियालदाच्या लोकल मात्र सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर टाळ. त्या वेळी ती गाडी कामावर जाणाऱ्यांची असते. आपण हौसेने आलेलो. आपल्या हौसेपायी कोणाची जागा अडवायची नाही.

ऋतू, सामान, वही. डिसेंबर-जानेवारीत जा, उन्हाळ्यात दमटपणाने दुपारपर्यंत जीव नकोसा होतो. पाठीवर एकच छोटी पिशवी, पाण्याची बाटली, छत्री आणि पेन. प्रत्येक गाडीचा क्रमांक, सुटल्याची आणि पोचल्याची वेळ, आणि ज्याच्याशी बोललीस त्याने काय सांगितलं, एवढं त्याच दिवशी लिही. फोटो सगळेच काढतात. गाडी किती मिनिटं उशिरा सुटली आणि तिच्यात कोण बसलं होतं, हे कोणी लिहीत नाही, आणि पुढे कामाला तेच येतं.

शेवटचं सांगतो. मेट्रो वाढतच जाणार आहे, हावड्याची लोकल आणखी शंभर वर्षं चालेल. ट्रामचं तसं नाही. मेलबर्न आणि कोलकाता या दोन शहरांतले ट्रामप्रेमी 1996 पासून 'ट्रामजात्रा' भरवतात, डबे रंगवतात, लोकांना ट्राममध्ये बसायला बोलावतात, कारण गाडी बघणाऱ्यांमुळे टिकत नाही, बसणाऱ्यांमुळे टिकते. म्हणून तू तिकीट काढ, बस, आणि सोबत आणखी चौघांना घेऊन जा.