थोड्या खर्चाची परसबाग : बहुवर्षायु झाडांची निवड

परसबाग ही खर्चाची बाब होय, अशी पुष्कळांची समजूत असते. या खर्चाचे मूळ बहुधा झाडांच्या निवडीत सापडते. झेंडू, ॲस्टर, झिनिया ही हंगामी झाडे एकदा फुलून वाळतात. बियाणे, रोपे व वाफ्यांची मशागत यांवरील खर्च दर हंगामी नव्याने करावा लागतो. बहुवर्षायु झाड एकदा लावले म्हणजे अनेक वर्षे उत्पन्न देते, आणि त्याच्यापासूनच नवी रोपेही करता येतात.

निगडी हे पूर्वी खेडे होते. 1972 साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने येथे आखीव वसाहत वसविली. अशा वसाहतीत घराभोवतीची मोकळी जागा थोडी असते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते. पावसाळ्याच्या प्रारंभी लावलेल्या झाडाची मुळे उन्हाळ्यापर्यंत खोल जातात. उथळ मुळांच्या हंगामी रोपांना मात्र वारंवार पाणी द्यावे लागते.

लागवड : शेवग्याची सुमारे 1 मीटर लांबीची जून फांदी पावसाच्या सुरुवातीस लावावी. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असल्याने झाड घरापासून दूर ठेवावे. तोंडलीचा वेल छाटापासून वाढतो. त्यास मांडव द्यावा. कुंपणालगत जास्वंद व मोगरा यांचे छाट लावावेत. सांडपाण्याच्या ओलीवर अळू आणि गवती चहा यांचे गड्डे व ठोंब चांगले येतात. सांडपाण्यात साबण अधिक असल्यास ते झाडांना देऊ नये.

निगा : शेंगांचा हंगाम संपताच शेवगा छाटावा, त्यामुळे शेंगा हाती येण्याजोग्या उंचीवर लागतात. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरअखेर तोडून जानेवारीत छाटणी करावी आणि मग शेणखत व पाणी द्यावे. उन्हाळ्यात भरपूर कळ्या येतात. शेवंतीचा बहर संपल्यावर झाड बुंध्याशी कापावे व मुळांसह आलेले फुटवे पावसाळ्यात वेगळे करून लावावेत. वाळलेल्या पाल्याचे आच्छादन आळ्यात घातल्यास ओल टिकते.

पहिल्या वर्षी बाग उघडीबोडकी दिसते आणि अनेकांचा धीर येथेच सुटतो. रिकामी जागा भरण्यासाठी झाडे दाट लावल्यास दोन-तीन वर्षांत ती एकमेकांना सावली करतात व उत्पन्न घटते. तेव्हा मधल्या जागेत मेथी, कोथिंबीर यांसारखी अल्पमुदतीची पिके घ्यावीत. हंगामी पिके अजिबात वर्ज्य नाहीत. बागेचा कणा मात्र बहुवर्षायु झाडांचा असावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील जोमदार, निरोगी झाडे हेरून ठेवावीत आणि त्यांचे छाट व फुटवे गरजू कुटुंबांस मिळवून द्यावेत. ज्या घरी विकत रोप घेण्याची ऐपत नाही, त्या घरीही शेजाऱ्याच्या एका फांदीपासून बाग उभी राहू शकते.