निसटता पराभव आणि प्रेक्षकांचे कर्तव्य

ठाण्याचे जोशी-बेडेकर, कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे पेंढरकर अशा महाविद्यालयांमुळे ठाणे ते कल्याण हा पट्टा विद्यार्थ्यांचा परिसर म्हणूनही ओळखला जातो. महाविद्यालयीन कबड्डीचा किंवा बास्केटबॉलचा सामना रंगला, की विद्यार्थी, प्राध्यापक व पालक मैदानाभोवती गोळा होतात. संघ मोठ्या फरकाने हरला, तर प्रेक्षक मुकाट्याने घरी परततात. परंतु एक-दोन गुणांनी हरला, तर दोषी कोण याचा शोध सुरू होतो. या शोधात बहुधा सापडतो तो अठरा-एकोणीस वर्षांचा एखादा खेळाडू.

शेवटच्या क्षणाचा भ्रम

पुरुषांच्या कबड्डीचा सामना 40 मिनिटांचा, तर एक चढाई 30 सेकंदांची असते. पूर्वार्धात चढलेल्या एका लोणाचे दोन जादा गुण अखेरच्या निकालात तितकेच मोजले जातात. स्मरणात मात्र शेवटची फसलेली चढाई राहते आणि साऱ्या संघाचा पराभव एकाच्या माथी मारला जातो.

या दृष्टीने मे 1991 मधील रणजी करंडकाचा अंतिम सामना अभ्यासण्याजोगा आहे. वानखेडे मैदानावर मुंबईला विजयासाठी 355 धावा हव्या होत्या. सचिन तेंडुलकर यांनी 96 धावा केल्या, तर दिलीप वेंगसरकर 139 धावांवर नाबाद राहिले; परंतु अखेरचा फलंदाज धावबाद झाला आणि हरियाणाने दोन धावांनी विजय मिळविला. वेंगसरकरांना अश्रू आवरले नाहीत. तथापि, पहिल्या डावातच मुंबई 112 धावांनी मागे पडली होती, हे विसरता येत नाही. त्या पिछाडीचा भार शेवटच्या धावबादावर टाकणे न्यायाचे ठरणार नाही. पुढे 1993-94 च्या हंगामात मुंबईने हा करंडक पुन्हा जिंकला.

प्रतिस्पर्ध्याचा मान

सन 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय महिला कबड्डी संघ इराणकडून 24-27 असा पराभूत झाला. विजयी संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. प्रतिपक्षाच्या यशामागेही कष्ट असतात, आणि ते कधी आपल्याच मातीतले असतात, हे या सामन्याने दाखविले. पुढील स्पर्धेत, 2023 साली हांगझोऊ येथे, भारतीय महिलांनी चिनी तैपेईवर 26-25 अशी मात करून सुवर्णपदक मिळविले. एका गुणाने जिंकणारा संघ एका गुणाने हरूही शकला असता.

काय करावे?

सामना संपताच प्रेक्षकांनी जागा न सोडता दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवाव्यात. पंचांच्या निर्णयाविषयी तक्रार असल्यास ती नियमानुसार संघनायकाने वा व्यवस्थापकाने मांडावी. प्रेक्षकांनी मैदानात उतरू नये. चुकलेल्या खेळाडूचे नाव घेऊन शेरेबाजी करणे कटाक्षाने टाळावे. हे खेळाडू प्रेक्षकांबरोबर त्याच लोकलने घरी परततात, याचे भान फलाटावर व डब्यातही ठेवावे. केवळ “हरकत नाही” म्हणण्यापेक्षा एखाद्या चांगल्या पकडीचा वा चढाईचा नेमका उल्लेख केल्यास खेळाडूला खरा दिलासा मिळतो.

याचा अर्थ चुकांवर पांघरूण घालावे, असा नव्हे. दोन-तीन दिवसांनी, मने शांत झाल्यावर, प्रशिक्षकांनी गुणपत्रक समोर ठेवून संपूर्ण सामन्याची चर्चा करावी. प्राचार्यांनी पराभूत संघालाही विजयी संघाइतक्याच अगत्याने बोलवावे. शहापूर, मुरबाड, भिवंडी अशा तालुक्यांत सामने भरविणाऱ्या मंडळांनी व पंचायत सदस्यांनी उपविजेत्यांचे पारितोषिक घाईने न उरकता सन्मानपूर्वक द्यावे.

निसटता हरलेला संघ विजयाच्या अगदी जवळ पोहोचलेला असतो. तो पुढच्या वर्षी त्याच उमेदीने मैदानात उतरतो की नाही, हे पराभवानंतर त्याला मिळणाऱ्या वागणुकीवरही अवलंबून असते. ती वागणूक प्रेक्षकांच्या हाती आहे.